पत्र्यापलीकडची थाप

माझी नोकरी लागली त्याच आठवड्यात मी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन विचारलं, "सर, शेजारच्या वर्गात इंग्रजीचा तास असतो का सुतारकामाचा?"

कळंबच्या आमच्या शाळेची नवी इमारत तेव्हा व्हायची होती. दहावीच्या दोन तुकड्यांच्या मधे भिंत म्हणून नुसता पत्रा ठोकलेला. पत्र्याच्या अलीकडं मी गणित शिकवायची, पलीकडं इंग्रजीचे सर त्यांचा विषय. मी फळ्यावर समीकरण लिहून पोरांकडं वळावं, 'आता क्षची किंमत' एवढंच म्हणावं, की पलीकडून धाड! टक टक. धाड! टक. क्ष राहिला बाजूला, पोरं गालातल्या गालात हसत बसायची.

हेडमास्तर गरीब स्वभावाचे. म्हणाले, "मॅडम, ते असंच शिकवतात. होईल सवय तुम्हाला."

"मला नाही व्हायची," मी म्हटलं. मी तेव्हा नवी होते आणि रागीट होते. आता नवी राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच स्टाफरूममध्ये माझ्यापुढं येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट, दोन्ही मनगटांची बटणं लावलेली, तीही भर उन्हाळ्यात. "माझ्या टेबलाचा त्रास होतोय म्हणे तुम्हाला," ते म्हणाले. "उद्यापासून बंदोबस्त करतो." मला वाटलं, चला, मिटलं. बंदोबस्त कसला? मोंढ्यातल्या आडतीवरून त्यांनी ज्वारीचं एक रिकामं बारदान आणलं आणि चौघडी घालून टेबलावर अंथरलं. आवाज निम्मा झाला, धूळ दुप्पट झाली, आणि धाड-टक चालूच राहिलं.

पोरांनी त्यांचं नाव 'धाडटक सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. रागवायचं सोडून उलट म्हणायचे, "नाव बरोबर ठेक्यात बसवलंय गधड्यांनी."

त्यांचं खूळ एकच. इंग्रजीतली जोडनामं. दोन शब्द एकत्र येऊन एक वस्तू झाली, की सरांचे डोळे चमकलेच. ब्लॅकबोर्ड, न्यूजपेपर, रेनकोट, फुटबॉल. हजेरी घेताना त्यांच्या वर्गात 'येस सर' चालायचं नाही. नाव पुकारलं की पोरानं उठून एक जोडनाम सांगायचं, आणि दुसऱ्यानं सांगितलेलं सांगायचं नाही. त्यामुळं पोरं सकाळी येताना कळंबच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या वाचत यायची. "टूथपेस्ट!" "हजर." "मोटरसायकल!" "हजर." एकदा एका पोरानं "ऊसतोड" म्हटलं. सर म्हणाले, "जोड पक्की आहे, भाषा चुकली. पण बस, हजर."

शब्द कसा तोडायचा हे त्यांनी आपल्या पद्धतीनं बसवलं होतं. एका झटक्यात तोंडातून जेवढं निघतं तो एक घास. पण घास मोजायच्या आधी सांधा शोधायचा. 'न्यूज' कुठं संपतो आणि 'पेपर' कुठं सुरू होतो, ते आधी. नाहीतर पोरं 'न्यू-स्पे-पर' अशी वाटेल तिथं तोडायची आणि सर कपाळावर हात मारून घ्यायचे. सांधा सापडला की मग वजन. जोडनामात वजन पहिल्यावर, दुसरा बिचारा हलक्या पावलानं मागून येतो. म्हणून पहिल्या घासावर तळहाताची थाप, बाकीच्यांवर बोटाची टिचकी. न्यूज-पे-पर, धाड टक टक.

"हा ब्लॅकबोर्ड," सर फळा दाखवून म्हणायचे. "उद्या ह्याला हिरवा रंग दिला तरी ब्लॅकबोर्डच. थाप, टिचकी. पण सुतारानं नुसती एक काळी फळी आणून टेकवली, तर ते दोन वेगळे शब्द. थाप, थाप. आपण सगळीकडं थाप-थापच करत सुटतो. सगळ्यांवर सारखं वजन टाकलं की ऐकणाऱ्याला कळतच नाही, धरायचं काय."

तास सुरू झाला की ते उजव्या मनगटाचं बटण काढून बाही कोपरापर्यंत दुमडायचे. फक्त उजवी. डावी तशीच बटण लावलेली, डावा हात पाठीमागं. तास संपला की उजवी पुन्हा खाली. मला वाटायचं, शिस्त आहे एकेकाची.

त्यांच्यापासून सुटका मात्र कुणाची नव्हती. एकदा मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावला होता मी, तर समोर बसून म्हणतात, "मॅडम, मघाशी पत्र्यातून ऐकलं. तुम्ही 'नंबर लाईन' म्हणताना 'लाईन'वर जोर देता. तो 'नंबर'वर पाहिजे."

"माझी रेष सरळ आहे ना सर? मग झालं."

"सरळ लाईन असेल तर दोन्हीकडं थाप. नंबर लाईन असेल तर पहिल्यावर." आणि टेबलावर वाजवून दाखवलं. माझ्या बशीतला चहा सांडला. ह्या माणसावर चिडून उपयोग नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा सगळ्यात आवडता शब्द 'कपबोर्ड'. इंग्रज त्याला 'कबर्ड' म्हणतो हे सांगताना ते अगदी हळवे व्हायचे. म्हणायचे, "दोघं इतकी वर्षं एका घरात राहिले, की आता कोण कप आणि कोण बोर्ड, कुणाला आठवत नाही. त्यात आता कपडे ठेवतात."

सवय होणार नाही म्हटलं होतं, पण झाली. इतकी झाली की माझीच पोरं पाढे ठेक्यात म्हणायला लागली. एके दिवशी मी सरांना सरळ विचारलं, "हे शिकलात कुठं तुम्ही? कॉलेजात तर कुणी शिकवत नाही असं."

सरांनी आधी दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "आबांकडून. पण त्यांना माहीत नाही."

आबा म्हणजे त्यांचे वडील. ढोकीच्या साखर कारखान्यातून रिटायर होऊन कळंबला लेकाजवळ राहत होते. सर बौद्ध. आबांच्या लहानपणी त्यांच्या घराकडं गावची हलगी होती. गावात लग्न असो, जत्रा असो, कुणी मेलेलं असो, बोलावणं आलं की जाऊन वाजवायची. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांच्या मागं त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला आणि ही सगळी गावकी सोडून दिली. त्या दिवसापासून त्या घरात हलगीचं नाव निघालं नाही. आबा तेव्हा मिसरूडही न फुटलेले, पण हात असा, की आजूबाजूच्या गावांत त्यांच्यासारखा कुणाचा नव्हता म्हणे. सरांना हे सगळं चुलत्यानं सांगितलेलं. आबा स्वतः अक्षर बोलले नाहीत.

"पण बोटं कुठं ऐकतात?" सर म्हणाले. "एसटीत बसले, वाट बघत बसले, की आबांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायची. कुणी बघितलं की लगेच मूठ मिटायचे. मी लहानपणापासून त्यांच्या उजवीकडं बसायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो. कॉलेजात माझं इंग्रजी ऐकून पोरं हसली ना मॅडम, तेव्हा मी खोलीवर येऊन विचार केला. शब्द बरोबर होते, स्पेलिंग बरोबर होतं. ठेका चुकत होता. म्हटलं, च्यायला, ठेका तर आपल्या घरचा!" एवढं बोलून ते हसले आणि तासाला गेले.  ह्या माणसाच्या टेबलाला मी सुतारकाम म्हणाले होते.

मग एकदा शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरली. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक, शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सरांनी दहावीच्या पोरांवर नमुना पाठ घेतला. पोरं बाकांवर थापा मारत होती, जोडनामं नुसती उडत होती. साहेब इतके रंगले की स्वतः खुर्चीच्या हातावर 'रेल्वे स्टेशन' वाजवायला लागले. सरांचा चेहरा मी तसा फुललेला कधी पाहिला नव्हता.

अध्यक्षांना राहवलं नाही. "अहो सर, टेबल काय बडवताय? लेझीमची हलगी आहे की शाळेत. आणा रे कुणीतरी!"

शिपायानं ती आणली आणि सरांच्या टेबलावर, बारदानावर ठेवली. सर नुसते बघत राहिले.

"घ्या की, लाजता काय?" अध्यक्ष हसत म्हणाले. "तुमच्या तर हातातच असणार ती."

सगळ्यांची कुजबूज एकदम थांबली. काहीजण हसले, काहींनी खाली बघितलं. सरांनी दुमडलेली बाही हळूहळू खाली सोडली, मनगटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "साहेब, माझा पाठ संपला." पाठ निम्माही झाला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागून बऱ्यापैकी मोठ्यानं म्हटलं, "सरांच्या हातात खडू आहे, अध्यक्षसाहेब. दिसत नसेल तर पुढं या." हेडमास्तरांना घाम फुटला. अध्यक्षांनी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि कार्यक्रम आभारप्रदर्शनावर गेला.

दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, सर रजेवर असतील. डोकावले तर सर उभे होते. दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली, दोन्ही हात पँटच्या खिशात.

बातमी घरी त्यांच्या आधी पोचली होती. लेक शाळेत टेबल बडवून शिकवतो हे आबांना तोवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. सरांनी मला मधल्या सुट्टीत सांगितलं, "आबा म्हणाले, म्या खाली ठेवली ती तू उचललीस. तू उचललीस म्हणून त्याची जीभ उचलली. बास. एवढंच बोलले. जेवले नाहीत रात्री."

"मग आता?"

"आता तोंडानं शिकवायचं. सगळे तोंडानंच शिकवतात की."

ते तोंडानंच शिकवत राहिले. हजेरीला 'येस सर' आलं. पोरं पुन्हा सगळ्या घासांवर सारखं वजन टाकायला लागली आणि सर तोच शब्द परत परत म्हणून घसा कोरडा करून घ्यायचे. कधीकधी मधेच थांबायचे, खिशातला हात हलायचा, आणि मग तसेच पुढं जायचे. पत्र्यापलीकडच्या त्या शांततेत मला गणित शिकवता येईना. एक दिवस हेडमास्तरांनी मला बोलता बोलता सांगितलं, "सर पुढच्या वर्षी इतिहास मागतायत. इंग्रजी नको म्हणाले." मला रडूच आलं. असं व्हायला नको होतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. सर भाजी आणायला गेले होते, हे बघूनच गेले. आबा ओसरीत खाटेवर बसले होते. स्वच्छ धुतलेली पैरण, पांढऱ्या मिशा, नजर थेट. मी ओळख सांगितली.

"ऐकून हाय तुमचं नाव," आबा म्हणाले. "तुमीच बोलला म्हणं त्या अध्यक्षाला. बरं केलं. बसा बाई."

मी आडवळण घेतलं नाही. "आबा, सरांनी टेबल वाजवायचं सोडलंय. इंग्रजीपण सोडणार आहेत."

आबा रस्त्याकडं बघत म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाव, पर तुमाला ते कळायचं न्हाय. माझ्या बापानं हलगी चुलीत घातली. कातडं जळत हुतं, वास सुटला हुता, आई रडत हुती आन बाप म्हणत हुता, आता कुणाच्या सांगण्यावर आपला हात हलायचा न्हाय. गावानं दळण बंद केलं आमचं. आमी पाट्यावर वाटून भाकरी केली, पर गेलो न्हाय. आन माझ्या लेकापुढं भर सभेत ती आणून ठेवली. का? तर त्यानं टेबल बडवून आयतं निमित्त दिलं म्हणून."

बोलता बोलता त्यांचा उजवा हात मांडीवर गेला होता आणि बोटं चालू होती. मी बघितलं. आबांनी मूठ मिटली.

"सर हे शिकले कुणाकडून, विचारलंत कधी?" मी म्हटलं.

"कुणाकडनं?"

मी त्यांच्या मुठीकडं बघितलं. "तुमच्याकडून. तुमच्या मांडीवरून. लहानपणापासून शेजारी बसून. तुम्हाला कळू नये म्हणून बघत नाही असं दाखवायचे."

 आबा सूनबाईंना हाक मारून म्हणाले, "बाईंना च्या टाक." मी चहा घेऊन उठले. "एकदा वर्गात येऊन ऐका, ते काय शिकवतात," एवढं म्हटलं. त्यावर आबा म्हणाले, "मला विंग्रजी काय कळतंय?"

नंतर एका दुपारी मी फळ्यावर वर्तुळ काढत होते, तर व्हरांड्यातून पांढरी पैरण गेली. शेजारच्या वर्गात बाकं सरकल्याचा आवाज झाला, पोरं उठून उभी राहिली, बसली. सर काहीतरी म्हणाले. मग आबांचा आवाज, मागच्या टोकाकडून, "चालू दे तुझं. म्या बसतो हितं."

मी हातात खडू धरून तशीच उभी राहिले. माझी पोरंही पत्र्याला कान लावून गप्प. पलीकडं एक मुलगी धडा वाचत होती. 'थंडरस्टॉर्म'वर अडखळली. सर म्हणाले, "थंडरस्टॉर्म." ती म्हणाली, पण सगळ्या घासांवर सारखंच वजन. सरांनी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा तसंच. सरांनी तिसऱ्यांदा म्हटलं, अगदी हळू, एकेक घास सुटा करून, आवाजात नुसती विनवणी. तिनं पुन्हा तसंच.

आणि मग आवाज आला. धाड, टक टक. पण टेबलावरून नाही. वर्गाच्या मागच्या टोकाकडून, शेवटच्या बाकावरून.

मी खडू टाकून दाराशी धावले. माझ्यामागं माझा सगळा वर्ग.

आबांचा तळहात बाकावर तसाच होता. त्यांनी मूठ मिटली नव्हती. मुलीला म्हणाले, "पोरी, आता म्हण बरं." तिनं म्हटलं. बरोब्बर आलं. पोरांच्या तोंडून "अरे!" निघालं. सर खिशात हात घालून पुतळ्यासारखे उभे.

"एवढंच शिकवतोस व्हय तू?" आबा म्हणाले.

"व्हय, आबा."

"तोंडानं त्यांना कळंना की ते. मग हातानं सांग. तोंडानं कशाला दमतोस?" आबा बाक धरून उठले. "माझ्या बापानं सोडली ती वाजीव म्हणणाऱ्यांपायी सोडली. कुणीबी यावं आन वाजीव म्हणावं, आन आपुन हात हलवावा, ते सोडलं. हितं तुला कुणी वाजीव म्हणलं न्हाय. तुला वाटलं म्हणून तू वाजवलं. ह्यात आन त्यात फरक हाय, लई फरक हाय. माझ्या ध्यानात यायला येळ लागला, बास." ते चालत टेबलापाशी आले. "दाव आता. मला बघू दे तुझा हात."

सरांनी खिशातून हात काढला. बाही दुमडायचं सुचलं नाही त्यांना. तशीच थाप मारली, टिचकी, टिचकी. 

आबा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "उजवा बरा हाय. डावा कुठाय?"

"डावा येत नाही, आबा," सर म्हणाले. "मी तुमच्या उजवीकडंच बसायचो. डावा कधी दिसलाच नाही."

आबांनी मान खाली घातली. मग डोळे पुसले, सरळ सगळ्यांसमोर, आणि सरांच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. टेबलावर हात ठेवणार, तर बारदान लागलं हाताला. "ह्ये काय आंथरलंय?"

"शेजारच्या मॅडमना त्रास होतो आवाजाचा."

आबांनी दाराकडं बघितलं. "व्हतो का वो तरास, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "काढा ते."

आबांनी बारदान ओढून जमिनीवर टाकलं. सरांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही दुमडली.